एकशे वीसपैकी एकशे तेरा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही त्याच्या माघारी टक्का म्हणतो. तोंडावर अर्थातच जावईबापू. घरात दूध नासलं तर या महिन्यात नासण्याचं प्रमाण किती टक्क्यांनी वाढलं ते हा माणूस सांगतो. नवं दूध आणायला मात्र जात नाही.

एका कंपनीच्या गोदामात तो सतरा वर्षं आवक-जावक बघत होता. त्याच्यानंतर लागलेले दोघं त्याचे साहेब झाले, तेव्हा त्याला साक्षात्कार झाला की आपल्यात कमी आहे ती फक्त एका पदवीची. आणखी काय काय कमी आहे त्याची यादी आम्ही करून दिली असती, पण आम्हाला कोणी विचारलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्याने संध्याकाळच्या मॅनेजमेंट कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांत तो पहिल्या बाकावर बसायचा, आणि सर फळा पुसायला वळले की डस्टर घ्यायला हाच आधी उठायचा.

जेवणाचं टेबल त्याच्या पुस्तकांनी बळकावलं. बहीण आणि भाची मांडीवर ताटं घेऊन जेवू लागल्या. पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं, चार रंगांचे मार्कर, आणि प्रत्येक ओळ चारांपैकी कुठल्या तरी रंगात बुडालेली. एखादी कोरी ओळ दिसलीच तर तीच महत्त्वाची असणार, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी त्याला मार्केटिंग रिसर्च हा विषय आला आणि त्या घरात साधं बोलणं अवघड झालं. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधून काढायचं, असा तो विषय. बायकोच्या मनात काय चाललंय याचा ज्याला सोळा वर्षांत पत्ता लागला नाही, तो प्रश्नावल्या घेऊन परक्यांच्या मनात शिरायला निघाला. अंदाजावर धंदा करणारे बुडतात असं सर म्हणतात, हे तो बहिणीला रोज ऐकवायचा. ती तोंडात टाचण्या धरून 'हं' म्हणायची.

कारण अंदाजावर धंदा करणारी त्या घरात तीच होती. बसथांब्याच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाला लागून तिची दहा बाय आठची खोली. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, चेन बसव, मुलांचे गणवेश, पडदे. बारा वर्षं ती तिथे मशीनवर वाकून बसली आहे. घर त्याच खोलीवर चालत होतं, आणि टक्क्याचं कॉलेजसुद्धा.

परीक्षेसाठी एक संशोधन प्रकल्प करायचा होता. वर्गातली पोरं उन्हातान्हात कुठे कुठे फिरली. टक्क्याने बायकोचं दुकान निवडलं, कारण तिथे बसायला खुर्ची होती. दोन किलोमीटरवर नवं शॉपिंग सेंटर झालं होतं, त्यात दुसऱ्या मजल्यावर एक गाळा रिकामा होता. दुकान तिथे हलवलं तर गिऱ्हाइकं येतील का, हा प्रश्न. उत्तर 'हो' आलं तर नुसता प्रकल्प नव्हे, सगळं दुकानच हलवायचं, असं त्याने सरांना आणि गाळ्याच्या दलालाला एकाच दिवशी सांगून टाकलं. बायकोला तिसऱ्या दिवशी सांगितलं.

प्रश्नावली आठ पानी होती. तो दाराशी खुर्ची टाकून बसला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. बाई आत आली, पिशवीतून पँट काढून माझ्या बहिणीच्या हातात दिली, की हा तिच्या हातात पेन द्यायचा. मी त्या दिवशी उशीच्या खोळींचं कापड घेऊन गेले होते. मलाही सोडलं नाही.

"ताई, तुम्ही सत्तेचाळीस नंबरच्या. मोकळेपणाने भरा, नाव कुठेही येणार नाही."

नाव येणार नव्हतं, पण तीन हातांवर बहीण माझ्याच कापडावर खडूने खुणा करत बसली होती. दुकान नव्या जागी गेल्यास आपण याल का? 'नक्की येईन' पासून 'मुळीच येणार नाही' पर्यंत पाच चौकोन होते. मी 'नक्की येईन'वर खूण केली. माझ्याआधी बँकेतल्या कॅशियर बाईनेही तीच केली. ती रस्ता ओलांडायचा कंटाळा म्हणून कपडे न्यायला सासूला पाठवते.

एकशे वीस फॉर्म भरून झाले. एकशे तेरा बायाबापड्या नव्या जागी यायला तयार. चौऱ्याण्णव टक्के. टक्क्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने कॉम्प्युटरवर गोल काढले, त्यांचे रंगीत तुकडे केले, आणि रविवारी आम्हाला सगळ्यांना बोलावून भिंतीवर दाखवले. वयोगटानुसार, उत्पन्नानुसार, घरातल्या माणसांच्या संख्येनुसार. चेन बसवून घ्यायला येणाऱ्या बाईच्या घरात माणसं किती, याचा चेनशी काय संबंध ते मी विचारलं. "ताई, ते व्हेरिएबल आहे," तो म्हणाला, आणि पुढचा गोल दाखवला.

पुढच्या शनिवारी करारावर सह्या करायच्या ठरल्या. दुकान बहिणीच्या नावावर, त्यामुळे सही तिचीच लागणार होती. जुनी खोली एकदा सोडली की परत मिळायची नाही. घरमालकाकडे दोघं आधीपासून रांगेत होते. मी तिला म्हटलं, अगं, नाही म्हण की. ती म्हणाली, कशाच्या जोरावर म्हणू, त्यांच्याकडे एकशे वीस कागद आहेत आणि माझ्याकडे नुसती धाकधूक.

सोमवारी तिने काय केलं, तर मोजमापं घ्यायची म्हणून दलालाकडून गाळ्याची किल्ली मागून घेतली. तयार झालेले सगळे कपडे दोन गाठोड्यांत बांधून रिक्षाने तिकडे नेले आणि जुन्या दुकानाला कुलूप लावून वर पाटी अडकवली: तयार कपडे या आठवड्यात नव्या जागी मिळतील. खाली पत्ता आणि फोन नंबर. टक्का खूश. आपल्या शिफारशी अमलातसुद्धा आल्या, असं त्याने वर्गात उभं राहून सांगितलं म्हणे.

सदतीस गिऱ्हाइकांचे कपडे होते. ती दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बाजूला स्टुलावर बसून हाताने काजं करत राहिली. सोमवारी कोणी नाही. मंगळवारी एक निवृत्त कारकून आले. त्यांना दिवसभर काहीच काम नसतं. बुधवारी एक बाई समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे आली होती, जाता जाता कोट घेऊन गेली. आणखी तिघी आल्या, त्यातली एक भांडून गेली. बाकीच्यांचे फोन. ते शर्ट औषधवाल्याकडे ठेवा ना, आम्ही येता-जाता घेऊ. घाई नाही हो, तुम्ही परत आलात की बघू. गुरुवारी औषधवाल्याचाच फोन आला: तुमच्या बायका कपड्यांच्या पिशव्या माझ्या काउंटरवर टाकून जातायत, अकरा झाल्या, मी खोकल्याचं औषध ठेवू कुठे.

त्या संध्याकाळी तिने मलाही फोन केला. आवाज अगदी सरळ होता.

"ताई, तुझ्या खोळी तयार होऊन चार दिवस झाले."

मी म्हटलं, अगं, इतक्या लांब कोण येतंय, सावकाश घेते. बोलून झाल्यावर मला माझी 'नक्की येईन'वरची खूण आठवली. पलीकडून ती म्हणाली, "बरं," आणि मला ऐकू आलं की ती कागदावर काहीतरी लिहून घेते आहे. टक्क्याला हसताना मी कधी दमले नव्हते. त्या रात्री मात्र सत्तेचाळीस नंबरच्या बाईबद्दल माझं मत काही फारसं बरं राहिलं नाही.

शनिवारी दलाल कागद घेऊन घरी आला. टक्क्याने टेबलावरची पुस्तकं पहिल्यांदाच बाजूला सारली, बायकोपुढे पेन धरलं. तिने पेन घेतलं नाही. सदतीसपैकी पाच आले, एवढंच सांगितलं.

टक्का दलालाकडे बघून हसला. सदतीस हे सॅम्पल फार लहान आहे, ते निवडण्याची पद्धतही चुकीची, यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं त्याने पाच मिनिटं समजावलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, ते सॅम्पल नाही. ती माझी गिऱ्हाइकं आहेत."

"आणि माझे एकशे वीस कोण होते?"

"तीच. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी मागे बसले होते, आणि त्यांचे कपडे माझ्या हातात होते. काय म्हणणार बिचाऱ्या?"

दलालाने तेवढ्यात कागदांची गुंडाळी केली. त्याला व्यवहार कळत होता, पदवी नसूनसुद्धा. सोमवारी बहिणीने जुनं दुकान उघडलं, तेव्हा आठ वाजता पायरीवर सहा जणी उभ्या होत्या. कॅशियर बाईची सासू सगळ्यात पुढे.

टक्क्याने अहवालातला एकही आकडा बदलला नाही. चौऱ्याण्णव टक्के तसेच राहिले, रंगीत गोलही. सरांनी वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. गोदामात बढती मिळाली; आता तो नव्याने लागलेल्या लोकांना दर महिन्याला एक तास गिऱ्हाइकाचं मन समजावून सांगतो.

अहवालाची सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत घेऊन तो दुकानात आला, तेव्हा मी तिथेच होते. शेवटून दुसरं प्रकरण 'अभ्यासाच्या मर्यादा'. ते लिहावंच लागतं म्हणे. त्यात एकच वाक्य होतं: दुकानाच्या मालकिणीने शिफारशींच्या अंमलबजावणीस सहकार्य केले नाही.

माझं डोकं सणकलं. बहिणीने ते वाक्य हातातला खडू न ठेवता दोनदा वाचलं. मग विचारलं, याचेही गुण मिळाले का? दहापैकी दहा, तो म्हणाला.

"मग झालं तर," ती म्हणाली. "आता ते उचला तिथून. मला कापड पसरायचंय."