लाईट आली की

आंबीच्या आमच्या कारखान्यात एका शब्दाची रोज पूजा चालते: ट्रेसेबिलिटी. गिऱ्हाइकानं काय मागितलं, त्यावरून काय बनवलं आणि ते कसं तपासलं, याचा माग कुठूनही काढता आला पाहिजे. कडबाकुट्टीचं नवं यंत्र करायचं ठरलं तेव्हा त्या विभागाच्या साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या गावाकडे कुणी म्हशी पाळतं का?" माझा विभाग वेगळा, पण बेडशाला माझी आत्या होती. मी ऐटीत साहेबांना तिच्या गोठ्यात नेलं.

आत्यानं एकच गोष्ट मागितली. "लाईट आली की आपसूक सुरू न्हाई झालं पायजे. लाईट गेली की अडकलेला कडबा आमी हातानंच काढतो."

साहेबांनी पहिलं वाक्य तेवढं इंग्रजीत उतरवलं, शब्दाला शब्द. दुसरं त्यांना गप्पांपैकी वाटलं. यंत्राचं डिझाइन परदेशात व्हायचं. तिथल्या शहाण्यांनी 'लाईट' म्हणजे दिवा समजून यंत्राला हिरवा दिवा बसवला. दिवा लागला तरी खटका दाबेपर्यंत पातं फिरणार नाही, अशी सोय केली. चाचणीत दिवा लागला, पातं फिरलं नाही, पास. मागणीपुढे डिझाइन, डिझाइनपुढे चाचणी, सगळं कसं छान जुळलं. यंत्र गोठ्यात कसं चालेल, हेही आंबीतच पाहिलं. तिथे जनरेटर आहे, लाईट कधी जातच नाही.

पहिलं यंत्र कौतुकानं आत्याला दिलं. "तुम्ही सांगितलंत तस्संच केलंय, मावशी," साहेब म्हणाले. बिचारीनं विश्वास ठेवला. एका दुपारी यंत्र चालू असतानाच लाईट गेली. खटका दाबलेलाच होता. तिनं निर्धास्तपणे हात आत घातला आणि लाईट आली.

उजव्या हाताची चारही बोटं गेली.

चौकशी झाली. माग अगदी बिनचूक निघाला: चाचणीवरून डिझाइन, डिझाइनवरून मागणी आणि मागणीवरून थेट आत्याचं तोंड. वापरणाऱ्या बाईचं बोलणं संदिग्ध होतं, असा निष्कर्ष काढला. पद्धत निर्दोष ठरली म्हणून साहेब खूश. मी सगळ्यांसमोर त्यांना निर्लज्ज म्हणाले. ते हसले आणि त्यांनी चहा मागवला.

आत्याला हे मीच जाऊन सांगितलं. ती डाव्या हातानं म्हशींपुढे वैरण टाकत होती. ऐकून थांबली. तिला राग नाही आला, त्याचाच मला जास्त राग आला.

"मंग म्या काय म्हनायला पायजे व्हतं?"

"वीज म्हणायचं होतंस, आत्या."

तिनं वैरण पुन्हा उचलली.

"आगं, ईज तर आभाळातनं पडती."