मरूनचे दोन लॉट

ताईसाहेब हे काही तिचं नाव नव्हे. बावीस वर्षांपूर्वी ती लोकरीच्या दुकानात कामाला लागली आणि पहिल्याच आठवड्यात मालकीणबाईंना म्हणाली, "हे कपाट खिडकीसमोर नको. ऊन लागून निळा उडेल." मालकीणबाई म्हणाल्या, "बरं ताईसाहेब, आणखी काही हुकूम?" टोमणाच होता तो. पण टोमणा चिकटला, पोस्टमनसुद्धा ताईसाहेब म्हणायला लागला. कपाटही हललं, हे सांगायला हवं.

आता दुकानाचं पुढचं शटर कायमचं बंद आहे. सगळी विक्री ऑनलाइन. मागे एक लांबट खोली, तिच्या भिंतींना छतापर्यंत खण आणि खणांत लोकरीचे गुंडे. मधोमध टेबल, त्यावर लेबलं छापायचं छोटं यंत्र आणि स्कॅनर. त्या टेबलापाशी ताईसाहेब बसणार, ऑर्डर वाचणार, गुंडे काढणार, बारकोड स्कॅन करणार, बांधणार. तिचं राज्य तेवढंच, पण राज्य होतं बरं का! तिच्या टेबलावरची कात्री कोणी उचलली तर ती न बघता सांगायची, "जागेवर ठेव."

आता लोकरीची एक गोष्ट माहीत नसेल तर ऐकून घ्या. एका रंगाची सगळी लोकर एकाच दिवशी रंगत नाही. आज एक हंडा रंगला, पुढच्या महिन्यात दुसरा. नाव तेच, नंबर तोच, पण हंडा बदलला की छटा केसभर बदलते. म्हणून गिरणीवाले गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरांत लॉट नंबर छापतात. एका स्वेटरला एकच लॉट घ्यायचा. नाहीतर छातीवर पट्टा उमटतो, आणि मेला दिसतो तोही अर्धं विणून झाल्यावर.

वीस वर्षं ताईसाहेब लॉट बघून देत होती, एकदा चूक नाही. मग मालकीणबाईंच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं. जावई कॉम्प्युटरवाला. त्याने सासूबाईंना भेट म्हणून लेबलाचं अ‍ॅप स्वतः तयार करून दिलं. काय ते कौतुक! लेबलावर दुकानाचं नाव, नावाभोवती फुलांची वेल, खाली बारकोड, रंगाचा नंबर. लॉटला जागाच नव्हती. वर लेबल एवढं ऐसपैस, की ते पट्टीवर लावलं की गिरणीने छापलेला लॉट नंबर बरोब्बर त्याच्याखाली गडप.

ताईसाहेबने तीनदा सांगितलं. पहिल्यांदा मालकीणबाई "बघू" म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं काम करताय, नजरेने नाही का कळत?" तिसऱ्यांदा त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, जावईमाणूस. त्यांना लागलं तर माझ्या पोरीला ऐकून घ्यावं लागतं."

झालं! त्या दिवसापासून त्या खोलीत यंत्राला नावं ठेवायची मुभा होती, कागदाला होती, विजेला होती. अ‍ॅपला नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दोन वर्षं ताईसाहेबने नजरेवर निभावलं. दिव्याखाली गुंडे शेजारी शेजारी धरून लॉट लावले. पण ऑर्डरी तिप्पट झाल्या, आणि दिवसाला दीडशे पार्सलं बांधताना प्रत्येक गुंडा उजेडात धरायला हात आणायचे कुठून?

मग एक गोधडीएवढी शाल परत आली. कुठल्याशा आजीबाईंनी नातीसाठी विणायला घेतलेली, चौदा नंबर मरून. अर्ध्यावर एक रेघ, वर एक मरून, खाली दुसरा. चार महिन्यांचं काम. आजीबाईंनी दुकानाच्या पानावर सगळ्या जगासमोर लिहिलं होतं, "बांधणारीचे डोळे फुटलेत का?"

ताईसाहेबला त्यांचा राग नाही आला. शाल हातात घेऊन तिलाच रडू फुटलं. एवढे एकसारखे टाके! आपण असतो तर आपणही शिव्याच घातल्या असत्या, असं ती घरी म्हणाली. राग आला तो खाली मालकीणबाईंनी दिलेल्या उत्तराचा. तिच्या भाचीने फोनवर वाचून दाखवलं: "क्षमस्व. आमच्या जुन्या कामगार बाईंची नजर आता अधू झाली आहे. आम्ही त्यांना बदलत आहोत."

"परत वाच," ताईसाहेब म्हणाली.

भाचीने परत वाचलं.

"अधू?"

"अधूच लिहिलंय, मावशी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तोंडानेही सांगितलं. महिनाअखेरीनंतर ताईसाहेबने खोकी दुमडायची, टेबलावर नवीन मुलगी बसेल. "पगार तोच राहील हो," असंही वर म्हणाल्या, जणू उपकारच. ताईसाहेबने विचारलं, "आणि ते अधू?" मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाइकाची समजूत काढायला काहीतरी लिहावंच लागतं."

बावीस वर्षं ज्या डोळ्यांवर दुकान चाललं ते डोळे आता समजूत काढायच्या कामाला! ताईसाहेब त्या संध्याकाळी तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण होता. त्याने अक्षरं वाचून घेतली, रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचून घेतले आणि म्हणाला, "जवळचा चष्मा आहेच तुम्हाला, बाकी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." "तेच लिहून द्या," ही म्हणाली. "तुमच्यापेक्षा सोडून." त्याने लिहून दिलं. तिने तो कागद टेबलासमोर भिंतीवर टाचणीने टोचला. मालकीणबाईंनी वाचला आणि आत गेल्या.

पण कागदाने रेघ कुठे थांबते? भाची घरी साबण बनवून ऑनलाइन विकायची. ताईसाहेब तिला म्हणाली, "तुझ्या वड्यांवर कधी केली त्याची तारीख असते ना? ती लेबलात कशी बसवतेस?" भाचीने अ‍ॅप उघडून दाखवलं. लेबल पाहिजे तेवढं लहान करा, बोटाच्या पेराएवढं. तारीख घाला, लॉट घाला, तोही बारकोडमध्येच जातो. आणि एका ऑर्डरीत एकच लॉट असं ठरवून दिलं, तर दुसऱ्या लॉटचा माल स्कॅन केल्याबरोबर ते बोंब मारतं आणि पत्त्याचं लेबलच छापत नाही.

"छापतच नाही?"

"अडून बसतं. तुझ्यासारखं."

"मग माझ्या फोनवर घाल," ताईसाहेब म्हणाली. चौदा दिवस फुकट होतं.

सोमवारी जावई येणार होता, नव्या मुलीला अ‍ॅप शिकवायला. दुकानाची एक किल्ली ताईसाहेबकडे होती. ती तासभर आधी आली, आणि कोणाला न विचारता मरूनचा अख्खा खण खाली काढला. एकशे बत्तीस गुंडे! वेलबुट्टीची लेबलं नखाने सोलली, खालचे लॉट वाचले, फोनमध्ये घातले, नवी लेबलं छापली. नखं दुखायला लागली. हे काम नव्हे तर उघड उघड बंड होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मालकीणबाई आणि जावई एकदमच आत आले, नवी मुलगी अजून यायची होती. खालची सोललेली लेबलं बघून मालकीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "ताईसाहेब! हे काय केलंत?"

"दोन मिनिटं द्या," ती म्हणाली. "मग काय ते बोला."

तिने मुद्दाम अर्धवट सोललेले, दोन वेगळ्या लॉटचे चार गुंडे घेतले, जुनं लेबल वर, नवं बाजूला. जुन्या अ‍ॅपवर चारही स्कॅन केले. चारही बरोबर. पत्त्याचं लेबल सुरकन बाहेर आलं. मग तेच चार गुंडे नव्यावर. एक, दोन, आणि तिसऱ्याला फोन असा केकाटला की जावई दचकला. लेबल काही बाहेर येईना.

"त्यात काय," जावई म्हणाला, "असा कितीसा फरक असतो?"

ताईसाहेबने शाल त्याच्या हातात दिली. त्याने ती उलगडली. रेघेवरून बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आई, लॉटचं तुम्ही मला का नाही बोललात?"

मालकीणबाई खालची सोललेली लेबलं गोळा करायला लागल्या. ताईसाहेब म्हणाली, "मी तीनदा बोलले. तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

जावयाने खांदे उडवले. "हे नवंच घ्या मग. मी परत बनवत बसण्यापेक्षा बरंच आहे." दोन वर्षं ज्याच्या धाकाने घर आणि दुकान श्वास रोखून होतं, ते इतक्या सहज निघालं. मालकीणबाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की माणूस भलतंच बोलून जातो. त्या म्हणाल्या, "चला, बरं झालं. आता यंत्रच ओरडतंय म्हटल्यावर टेबलावर कोणीही बसलं तरी चालेल. नव्या मुलीला आजपासूनच बसवू."

घ्या! हात दाखवून अवलक्षण. स्वतःच्या हाताने आणलेल्या अ‍ॅपने स्वतःचीच खुर्ची गेली. ताईसाहेबला हे सुचलं नव्हतं असं समजू नका. एकशे बत्तीस गुंडे सोलताना तिने त्याचाच विचार केला होता.

"बसवा," ती म्हणाली. "तिला सगळं मीच शिकवते, म्हणजे तिला कोणी आंधळी म्हणणार नाही. पण आधी ते वाक्य बदलायचं. ते बदलेपर्यंत या खोलीतून एक पार्सल जाणार नाही."

"कसलं वाक्य?" जावई म्हणाला.

"अहो, झालं गेलं," मालकीणबाई पुटपुटल्या. "काढून टाकते मी नंतर."

"काढायचं नाही. बदलायचं. तिथेच, सगळ्यांसमोर. चूक आमच्या जुन्या अ‍ॅपची होती, बाईंनी ती तीनदा सांगितली होती, त्यांची नजर शाबूत आहे. आणि खाली तुमचं नाव."

मालकीणबाईंनी फोन हातात घेतला. बोट अडलं. त्या ताईसाहेबच्या अगदी जवळ आल्या आणि कुजबुजल्या, "जावईबापू इथेच उभे आहेत. ते वाचतील ना."

"वाचू देत," ताईसाहेब म्हणाली, आणि मुळीच हळू म्हणाली नाही. "मी नाही दोन आठवडे वाचत होते?"

मालकीणबाई टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. 'तीनदा' वर त्या थांबल्या, वर बघितलं. ताईसाहेब उभीच होती. त्यांनी 'तीनदा' लिहिलं.