सोमवारचे बांगडे आणि नैरोबीची शालूआत्या

शालूआत्याचा मुंबईत खून झाला आणि त्यानंतर ती नैरोबीत सुखाने नांदली.

दोन्ही गोष्टी आमच्या घरातल्याच. एक खरी, एक लोकांना सांगायची.

आज सकाळी तिची थोरली बहीण, माझी नलूआत्या, गेली. आता हे लिहिलं तर रागावणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहितोय.

पन्नासचं दशक संपत आलेलं. शालूआत्या मालवणजवळच्या आमच्या गावातून पळून मुंबईला गेली. सिनेमात.

सिनेमात म्हणजे ग्रूप डान्सच्या तिसऱ्या रांगेत, अगदी कडेला. कॅमेरा तिथवर पोचायच्या आत गाणं संपायचं.

मग एका फायनान्सरच्या फ्लॅटवर तिचं प्रेत सापडलं.

पेपरात हेडलाइन आली, 'नटीचा खून'.

जिवंतपणी एक्स्ट्रा. प्रमोशन मेल्यावर मिळालं.

पुरावा कमी पडला, फायनान्सर सुटला. त्याचे पुढचे सिनेमे म्हणे बरे चालले.

आजोबा शाळामास्तर. शाळेत शुद्ध मराठी, घरात मालवणी. पोलिसांची तार आली त्या दिवशी मात्र ते घरातही शुद्ध बोलले.

"आपली शालू लग्न होऊन नैरोबीला गेली आहे. कुणीही रडायचं नाही."

पेपरात नाव तिचं फिल्मी होतं, तेवढ्यावर भागेल असं त्यांना वाटलं. फोटो मात्र आमच्या शालूचाच होता.

सुतक पाळलं तर शेजारी ओळखणार. म्हणून नलूआत्याला हुकूम झाला, बांगडे तळ. वास वाडीभर गेला पाहिजे.

तिने तळले. धुराने डोळ्यांत पाणी येतं, तेवढीच तिला सूट होती.

त्यानंतर तिने बांगडा तोंडात घातला नाही. मालवणात राहून.

मग दर गणेशचतुर्थीला बायका विचारायच्या, "शालू कशी आसा गो, नलू?"

"बरी आसा."

एका वर्षी नलूआत्या म्हणाली, "तिका झील झालो." पुढे मुलगीही झाली. साठचं दशक संपेपर्यंत मुलगा तिकडे शाळेत पहिला यायला लागला होता.

नलूआत्याचं स्वतःचं लग्न जमलं नाही. मुलाकडचे यायचे, पोहे खायचे, गावात चौकशी करायचे आणि मग त्यांचा निरोपच यायचा नाही.

त्यामुळे तिला संसार होता तो नैरोबीतला. आमचं घर एकेक करून रिकामं झालं, तो मात्र भरत गेला.

तिला हवं होतं एवढंसंच. पितृपक्षातल्या म्हाळात शालूच्या नावाने एक पान ठेवायचं.

पण जिवंत माणसाचं पान ठेवत नाहीत. शालूची तिथी पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत होती, फक्त आमच्या घराला नव्हती.

आजोबा गेल्यावर मी म्हटलं, "आता ठेव की पान. कोण अडवतंय?"

ती अंगणात बघत म्हणाली,

"एकदा मुंबयत मारल्यानी तिका. आता मी मारू? आणि तिची पोरां खंय जातली रे?"

त्या वर्षीही पान ठेवलं नाही.

आज दुपारी सगळं आटपून घरी आलो. शेजारची यशोदाकाकी पायरीवर बसली होती. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत.

"नैरोबीक कळवलंस काय रे?"

मी तिच्या कानाशी वाकलो. "काकी, तुका खरा ठाऊक आसा ना?"

"अरे, मास्तराच्या घरात सोमवारी बांगडे तळले! सोमवारी! ज्या घरात सोमवारी सुकटीचो डबोसुद्धा उघडीत नाय! अख्ख्या वाडीक त्याच दिवशी कळला."

सोमवारी मासे. आजोबांनी सगळा विचार केला होता, वार सोडून.

"मगे इतकी वर्सा तिका विचारीत कित्याक होतास?"

"मगे काय करूचा? त्या घरात शालूचा नाव काढूक दुसरी वाट खंय होती?"

त्या विचारण्यात माया किती आणि मजा किती, मला ठरवता येत नाही. चौकशी करणाऱ्या मुलाकडच्यांना याच वाडीने सगळं सांगितलं असणार. पण शालूचं नाव नलूआत्याच्या कानावर पडत राहिलं, तेही यांच्याच तोंडून.

काकीने पुन्हा विचारलं, "कळवलंस मा?"

"कळवलं, काकी."

"काय बोल्ली?"

"रडली."

काकीने मान हलवली. "रडतलीच. पाठची भयण ती."

आणि पदर डोळ्यांना लावला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

नलूआत्या, येत्या म्हाळात मी दोन पानं ठेवणार आहे. शालूला मारल्याचं पाप माझ्या माथी लिही.

तू जा आता.

शालू कशी आसा, ता तिकाच विचार.