पहिले तेल, मंग पूजा

इंजिन बांधून झाले की तुळशीराम मिस्त्री त्याचे चारही प्लग सदऱ्याच्या खिशात टाकत आणि खिशाचे बटण लावत. प्लगशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि आपली पाठ फिरताच कोणीतरी ते सुरू करील, असा त्यांचा पक्का संशय असे. कारध्याला रस्त्याच्या कडेला त्यांची टिनाची शेड होती. सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि बहुतेक त्यांनीच दुरुस्त केलेल्या टॅक्सींतून फिरत असे.

नव्याने बांधलेले इंजिन आतून कोरडे असते. बेअरिंगपर्यंत तेल पोचण्याआधी ते सुरू केले, तर धातूवर धातू घासतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मिस्त्री प्लग काढून, पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवत. वरचे झाकण उघडे ठेवत. तिथल्या रॉकरांतून, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांतून, तेल पाझरताना दिसले, तरच खिशाचे बटण निघे. तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "काटाई खोटा बोलते आन् मानूसई. तेल दिसलं पायजे," ते म्हणत. सीलबंद डब्यातले तेलही ते बोटांत चोळून, हुंगून मगच ओतत. किराणा घेताना दुकानदाराच्या ताजव्याखाली वाकून पाहत.

अड्याळचे डोमाजी संशयात त्यांच्या तोडीचे होते. त्यांची जुनी टॅक्सी दुसऱ्या एका गॅरेजात दुरुस्त झाल्यावर गावाच्या वेशीपर्यंतही पोचली नव्हती. इंजिन जाम झाले होते, म्हणून ती मिस्त्रींकडे आली. आता इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, घासून शेवटच्या मापावर आला होता. पुन्हा एकदा तेलाविना फिरला, तर तो भंगारात जाणार होता आणि त्याच्याबरोबर डोमाजींचा धंदा. दुसरी गाडी त्यांच्याकडे नव्हती. काम चालू असेपर्यंत ते शेडमध्ये बाज टाकून बसून राहिले.

"काहून गा डोमाजी, घरचे हाकलून देल्ले का?" मिस्त्री विचारत.

"नाई गा. तुह्यावर ध्यान ठेवून राहिलो. नवा पार्ट दाखवशीन आन् जुना बसवशीन."

दोघांत वाद फक्त पूजेचा होता. डोमाजींना ती इंजिन फिरवण्याआधी हवी होती. मिस्त्री ऐकत नव्हते. "पहिले तेल, मंग पूजा," एवढेच त्यांचे उत्तर.

इंजिन बांधून झाले त्या दिवशी मी शेडमध्ये पोचलो, तेव्हा मिस्त्री नुकतेच जेवून परतत होते. जाण्याआधी त्यांनी तेल भरून ठेवले होते. आल्या आल्या त्यांनी हँडल फिरवायला घेतले. रॉकर कोरडेच राहिले. ते घामाघूम झाले, तरी तेलाचा थेंब वर आला नाही.

"तेलाचा पंप बदलला तुनं," डोमाजी बाजेवरून उठले. "माहा पंप चांगला होता."

"तुहा पंप तुह्यासमोर बसवला. तेलच खराब आहे. त्या दुकानदाराले सोडत नाई मी."

"मंग प्लग लाव आन् एक सेल्फ मार. येऊन जाईन तेल."

"आन् नाई आलं त?"

 डोमाजींनी सरळ मिस्त्रींच्या खिशाला हात घातला. बटण तुटले, एक प्लग खाली पडला. मिस्त्रींनी त्यावर पाय ठेवला आणि दोघे एकमेकांचे मनगट धरून उभे राहिले. मग मिस्त्रींनी हात सोडवून घेतला, गाडीखाली शिरले आणि तेलाची टाकी उतरवली.

पंपाच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, एकीवर एक. टाकीच्या तळाशी कुंकू लावलेले तांदूळ होते. मिस्त्रींनी एक पाकळी उचलून बराच वेळ पाहिली.

"हे कोनाचं काम?"

"पूजा केली. तू जेवाले गेला तवा, तेलाच्या तोंडातून," डोमाजी म्हणाले.

"बोनटवर फूल ठेवाचं होतं ना बाप्पा!"

"दुखनं आतमंधी होतं. बोनटवर ठेवून काय फायदा?"

मिस्त्री हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जाळी धुतली, टाकी बसवली, नवे तेल भरले. हँडल या वेळी डोमाजींच्या हातात दिले. काही वेळाने रॉकरांवर तेल चमकू लागले. डोमाजींनी ते बोटाने पुसून पाहिले आणि हँडल फिरवतच राहिले. पुरे म्हणून मिस्त्रींना दोनदा सांगावे लागले.

पंपाबद्दल डोमाजींनी माफी मागितली नाही आणि दुकानदारावरचा संशय मिस्त्रींनी मागे घेतला नाही. टॅक्सी मात्र ऐंशीच्या दशकातही पवनीच्या रस्त्यावर धावत होती.

मिस्त्रींनी एक नियम तेवढा बदलला. मरेपर्यंत प्रत्येक इंजिनाची पूजा त्यांनी आधी आणि स्वतःसमोर करून घेतली. पूजा चालू असताना ते तेल ओतायच्या तोंडावर पंजा ठेवून उभे राहत. नवख्या गिऱ्हाइकांना तो भाविकपणा वाटे. एका बाईने तर त्यांच्या हातावरच हळद-कुंकू वाहिले आणि फूल ठेवले. आरती संपेपर्यंत मिस्त्रींनी हात हलवला नाही.