गाडीच्या काचेतून पाहिलेला कारखाना

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न हाच. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत वर्षानुवर्षं पंप सांभाळलेला माणूस. पंपावर आधी तळहात ठेवायचा, मग मीटर वाचायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मूळचे नागपूरचे. जुरोंग ईस्टला आमच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. मी त्यांना दादा म्हणायचो. लिफ्टमध्ये भेटले की "जय भीम" म्हणत आणि पिशवीतलं एक संत्रं माझ्या मुलीला देत. ती सिंगापुरी ढंगात "थँक्यू लाह, अंकल" म्हणाली की तेही खुशीत म्हणायचे, "खा लाह, गोड आहे लाह."

त्या वर्षांत एकामागून एक चिनी कंपन्या सिंगापूरच्या शेअर बाजारात येत होत्या. मी नोकरीला होतो ती कंपनी त्यांचे शेअर लोकांच्या गळी उतरवायची. एका कापड कंपनीचा कारखाना पाहायला मला चीनला पाठवलं. मालकाने दुपारभर जेवू घातलं आणि कारखाना जाता जाता गाडीतून दाखवला. आत जाऊ या, असं मी म्हणालो नाही. विमान चुकलं असतं.

परतल्यावर दादांनी विचारलं, "स्वतः पाहिलंत? यंत्रं चालू होती?"

"हो दादा. तिन्ही पाळ्या चालू आहेत."

निवृत्तीनंतर नागपुरात पंपदुरुस्तीचं वर्कशॉप काढायचं म्हणून साठवलेलं सगळं त्यांनी त्या शेअरमध्ये घातलं.

दीड वर्षात त्या शेअरचे व्यवहार बंद पडले. चौकशीत निघालं, यंत्रं कधीचीच थंड होती. मालक चीनमध्येच होता आणि इथल्या कायद्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

पुढच्या रविवारी मरीन परेडला एका घरी आम्ही मराठी मंडळी जेवायला जमलो होतो. एकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुमच्याच कंपनीने विकले ना हो ते?"

माझ्याआधी दादाच बोलले. "यांना कशाला बोलता? हा माणूस तिथं जाऊन, यंत्रं पाहून आला. त्या लोकांनी यांनाही फसवलं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. जेवा."

मी जेवलो. पुरी मागून घेतली.

वर्कशॉपचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी आणखी दोन वर्षं नोकरी केली, मग परत जायचं ठरवलं. खरं सांगायचंच, असं ठरवून मी विमानतळावर गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते वहिनींना म्हणाले, "इतक्या वर्षांत यांच्याइतका सरळ माणूस इथं भेटला नाही." वहिनींनी हसून मान डोलावली.

मी वाकून त्यांची बॅग ट्रॉलीवर ठेवली. वर पाहिलं तेव्हा ते रांगेत पुढे गेले होते, आणि वळून मला हात हलवत होते.