अनुवाद न होणारा भाग

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या आमच्या कृषी केंद्रात फवारणी पंपाचा वायसर शोधत होतो. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. फोन पुण्याहून, तिच्या प्रयोगशाळेतल्या अश्विनीचा. काम करता करताच ताईच्या डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेलं, पण... एवढं बोलून ती थांबली. मी "बरं" म्हटलं. मग वायसर सापडला. तो पंपाला नीट बसतो का तेही पाहिलं. "काय झालं भाऊ?" गिऱ्हाइकानं विचारलं. बहीण वारली, असं मी युरियाचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्याला काही आठवडे झाले, आवाज अजून तसाच आहे. माणसं येऊन बसतात, चहा घेतात, ताईबद्दल विचारतात, आणि मी सांगत राहतो... म्हणून एकदा लिहूनच काढतो आहे.

वंदना माझ्याहून मोठी. खामगावला बीएस्सी झाली, पुण्याला गेली आणि तिकडेच संशोधनात रमली. लग्न केलं नाही, त्याबद्दल आमच्याकडे बोलणं व्हायचं, पण तिच्यासमोर नाही. तिचा विषय घरात कुणालाच कळत नसे. जनुकाची एक प्रत निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्या प्रतीतल्या मधल्या मजकुराचा पेशी जणू अनुवाद करते आणि प्रथिन बनवते. पण मजकुराच्या आधी आणि नंतर असा भाग असतो की त्याचा अनुवाद होतच नाही. ताईचं सगळं काम त्या भागावर. सुट्टीत ती आली की बाबा हमखास विचारायचे, "ज्याचं काही होतच नाई, त्याचा काय अभ्यास करतं व बाई?" तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती म्हणायची, "बाबा, प्रथिन किती बनवाचं अन् कवा थांबाचं, ते तिथंच ठरते." बाबा मान डोलवायचे. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच विचारायचे.

आमच्या घरात डोळे लवकर जातात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्या ऐन तरुणपणात झालं. आत्याच्या बुबुळावर लहानपणीच सायीसारखं काही दिसायला लागलं, आणि त्यापायी तिची दोन ठिकाणची सोयरीक मोडली. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी पिकावरच्या औषधाच्या फवाऱ्याला. ताईचे डोळे एमएस्सी करतानाच धुकट झाले, तिनं ऑपरेशन करून डोळ्यांतली भिंगं बदलून घेतली आणि कामाला लागली. माझे पस्तिशीत. घराण्याचं नाक असतं तसे हे आमचे डोळे, इतकंच आम्ही धरून चाललो होतो.

मग एका हंगामात दुकानाच्या धावपळीनं मला सारखा थकवा यायला लागला. शहरातल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर फेरिटिन, म्हणजे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन, कितीतरी पट जास्त निघालं. ते एवढं वाढलं म्हणजे लोहच वाढलेलं असणार, लिव्हरवर जाईल, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं ठरलं. डॉक्टर भले होते. बहुतेकांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच ठरलं असतं. पण दर खेपेला मी अधिक पांढरा पडू लागलो. बियाण्याची पिशवी उचलली की दम लागायचा. फेरिटिन मात्र तसूभरही हलत नव्हतं. बाबांनी तर मनातल्या मनात माझी आशा सोडली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

त्याच सुमारास ताई एका लग्नाला म्हणून आली. मला पाहिलं आणि लग्नाला गेलीच नाही. सगळे रिपोर्ट मागून घेतले, ओट्यावर बसून वाचले. मग बाबांच्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. "दिलीप, रक्त काढनं बंद कर. तुह्यात लोह जास्त नाई, उलट कमी झालं. फेरिटिनच बनून राह्यलं."

"काऊन?"

"त्याले थांबवनारं तिथं बसूच शकत नाई म्हणून."

फेरिटिनच्या संदेशात, मजकुराच्या आधीच्या भागात, एक लहानसं वळण असतं. शरीरात लोह कमी असलं की एक प्रथिन त्या वळणावर येऊन बसतं आणि फेरिटिन बनणं थांबतं. आमच्या वळणातलं एक अक्षर बदललेलं, त्यामुळे त्याला तिथं धड बसता येत नाही. गरज नसताना फेरिटिन बनत राहतं, डोळ्याच्या भिंगात साचतं. बाकी शरीराला त्याचा त्रास नाही. हे सांगून ताई मागच्या अंगणात जाऊन बसली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा कप हातात धरून म्हणाली, "हे मी दरवर्षी पोरायले शिकवतो, दिलीप. स्वतःच्या डोळ्यात घेऊन शिकवत होतो..." चहा तसाच राहिला.

तिनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रक्त काढणं थांबवलं. जनुकाची पहिली तपासणी निर्दोष आली, कारण प्रयोगशाळेनं फक्त प्रथिन होणारा मजकूर वाचला होता. ताईनं आधीचा भाग वाचायला लावला. अक्षर तिथं होतं. बाबांच्यात, तिच्यात, माझ्यात, आणि माझ्या लेकीत, गौरीतही. गौरीला तिनं मांडीशी घेऊन सांगितलं, की तुझे डोळे लवकर धुकट होतील, मग भिंग बदलू, बाकी तुला काही नाही, आणि कुणालाही तुझं रक्त काढून टाकू द्यायचं नाही. मी काही महिन्यांत पूर्वीसारखा पिशव्या उचलायला लागलो. ताईचं जाणं याच्यामुळे नव्हतं. तिला रक्तदाब होता, आणि गोळी ती विसरायची... अश्विनी म्हणाली.

शेवटची भेट मलकापूर स्टेशनवर. गाडीला उशीर होता. काही खास बोलणं झालं नाही. यंदा कपाशी कशी आहे ते तिनं विचारलं, गौरीचे डोळे दरवर्षी दाखवत जा म्हणाली, आणि गाडी आल्यावर बॅग माझ्या हातून घेतली.

डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही ताईला ट्यूबलाइटचा उजेड टोचायचा, म्हणून मधल्या खोलीत तिनं एक पिवळा बल्ब लावून घेतला होता. ती असली की तो लागायचा, एरवी ट्यूब. आता बाबा रोज दिवेलागणीला तोच लावतात. त्या उजेडात गौरीला वाचता येत नाही, ती पुस्तक घेऊन ओट्यावर जाते. परवा दुकान बंद करून आलो तर बाबा बल्बखाली नुसते बसले होते. मीही बसलो. समोर पाहतच ते म्हणाले, "टोचत तं नाई नं?"

कुणाला विचारलं ते कळलं नाही. मी म्हटलं, "नाई."