झगमगता पडदा आणि काकांचा आवाज

त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमासाठी आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या मंडळाने उल्हासनगर कॅम्प पाचहून सोनेरी झालरींचा पडदा भाड्याने आणला. पंख्याच्या वाऱ्यावर तो अखंड झगमगत होता. अध्यक्षांना तो आपल्या भाषणाला शोभेसा वाटला, आणि त्या दोघांत साम्य होतंच.

त्याच पडद्यापुढे शेजारचे काका भीमगीतं गायले. कारखान्यातली नोकरी संपली तरी त्यांचं गाणं चालू होतं. त्यांची मुलगी मस्कतला नर्स होती. तिला रजा मिळाली नव्हती आणि बाबांचं गाणं काहीही करून ऐकायचं होतं. मंडळाची वेबसाइट मी सांभाळायचो, म्हणून व्हिडिओ चढवायचं काम माझ्याकडे आलं.

तिच्या हॉस्टेलमधलं नेट फोनच्या तारेवरचं. त्यातून थोडकीच माहिती जायची, ती चित्र आणि आवाज यांच्यात वाटावी लागे. चित्राचा वाटा जे जास्त हलतं ते खातं. आमच्याकडे सगळ्यात जास्त पडदा हलत होता. काकांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले आणि आवाजाला उरलंसुरलं मिळालं.

तिचा फोन आला. "जय भीम, दादा. चित्र अडकतंय, ते जाऊ दे. पण आवाज खरखरतोय हो. काहीतरी करा ना."

चित्र काढून टाकू या, असं मी अध्यक्षांना सुचवलं.

"मग माझ्या भाषणाचं काय?"

"लोक ऐकतील ना."

"ऐकायला कोण बसतंय!"

इतकं खरं ते व्यासपीठावर कधी बोलले नव्हते.

शेवटी चित्राच्या जागी एकच स्थिर फोटो ठेवायचं ठरलं. त्याला जवळपास काहीच जागा लागत नाही. फोटो अध्यक्षांनी निवडला: काकांना शाल घालताना ते स्वतः कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत, आणि शालीतून काकांचा एक कान दिसतोय. माइक एकच होता, म्हणून स्टीरिओही काढलं. सगळा वाटा आवाजाला दिला.

हेडफोन लावून ऐकलं. पेटी स्वच्छ, टाळ्या स्वच्छ. खरखर मात्र तशीच. मूळ टेप लावली, तर तिच्यातही होती. मग शेजारी जाऊन काकूंना विचारलं.

"घशाच्या तपासण्या चालल्यात," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीला सांगायचं नाही म्हणतात. एकटी असते ना तिकडे."

काका आतून ओरडले, "सांग की तिला, मशीन खराब आहे म्हणून! तुझ्या कॉम्प्युटरला कोण जाब विचारणार आहे?"

मी नवी फाईल चढवली. तिचा पुन्हा फोन आला.

"दादा, आता पेटी अगदी समोर वाजल्यासारखी येते. मग बाबांचाच आवाज असा का?"

"नेट जरा..." मी सुरुवात केली.

"पेटी स्वच्छ आणि गळा तेवढा खरखरीत, असं कुठलं सेटिंग असतं का हो?"

"नसतं," मी म्हणालो.

आंतरराष्ट्रीय कॉलचं बिल तिच्या बाजूला चढत होतं.

"आईला बोलवा," ती म्हणाली. "बाबांना नको."

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी शेजारी गेलो.